विश्वंभरशेठचं जहाजी घड्याळ

अनुसूयाबाई एकवीस वर्षं वसमतच्या एका हळदीच्या गिरणीत हळकुंडं निवडत होती. एकवीस वर्षांत एकदाही उशिरा नाही. सातची एसटी, पावणेआठला नाका, आठाला गेटात. हळकुंड मोडल्याच्या आवाजावरून ती ओल किती ते सांगायची. निवडणाऱ्या बारा बायकांची मुकादम ती. अशा बाईला एका मनगटी घड्याळापायी घरी बसवलं गेलं.

घड्याळ मालकाचं, विश्वंभरशेठचं. अकरा लाखांचं, मुंबईहून आणलेलं. त्यात सेल नाही, चावीवर चालणारं. अडीचशे वर्षांपूर्वी जहाजं ज्या घड्याळाच्या भरवशावर समुद्र ओलांडायची, त्या धर्तीवर घडवलेलं म्हणे. वसमतमध्ये समुद्र कुठला? पण शेठना गिरणीपासून घरापर्यंत जाताना वाट चुकायची धास्ती असावी. ते घड्याळ काढून मागच्या काचेतली चाकं दाखवायचे आणि म्हणायचे, "हे लावावं लागत न्हाई. दुनियेनं आपलं घड्याळ याच्यावर लावावं."

महिनाभरात नवा नियम आला. तीनदा उशीर, की काम बंद. बाकीच्या बायका गावातल्या, पाऊण तास आधीच आलेल्या; एसटीनं येणारी अनुसूयाबाई आठाला गेटात, तर शेठच्या मनगटावर आठ वीस. दुसऱ्या दिवशी आठ पंचवीस.

"मालक, फोनात आठच झाले," तिनं फोन पुढं केला. आतून बाकीच्या बायकांनीही आपापले दाखवले.

"फोन कितीचा, मावशी?"

"सात हजाराचा."

"मग?"

झाला हिशेब. वेळ किमतीवर ठरते हे या गृहस्थाला कुठल्या शाळेत शिकवलं, देव जाणे. तिसऱ्या दिवशी आठ बत्तीस. मावशी घरी.

घरी बसून रडणारी बाई ती नव्हे. बसस्टँडसमोरच्या टपरीत रूपसिंग चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतो. ती थेट त्याच्याकडं गेली.

"मालकाचं चांगलं घड्याळ रोज पुढं काहून पळतं, भाऊ?"

रूपसिंगनं डोळ्याचं भिंग काढलं. "घड्याळाचा हात मालक कुठं घालतो?"

अनुसूयाबाईला कळायला वेळ लागला नाही. दळणाआधी हळदीतले खिळे, तारा ओढून घ्यायला गिरणीच्या तोंडाशी मोठा लोहचुंबक असतो. तो पुसायचं काम गड्याचं. पण पाहुणे आले की शेठ स्वतः बाही वर सारून डावा हात आत घालायचे. हळद किती शुद्ध ते दिसावं, त्याहून जास्त घड्याळ दिसावं.

"मंग बराबर हाय," रूपसिंग म्हणाला. "आतल्या केसाएवढ्या कमानीचे वेढे चुंबकानं एकमेकांना चिकटले, म्हून काटे पळतात. मालकाला घेऊन या."

अनुसूयाबाई दुसऱ्या दिवशी गिरणीत गेली. सांगलीचा एक व्यापारी माल बघत होता. शेठ काही बोलायच्या आत तिनं त्यालाच विचारलं, "तुमच्या घड्याळात किती झाले, साहेब?"

"नऊ."

शेठच्या घड्याळात नऊ चाळीस. बारा बायकांच्या बारा फोनांनी जे पटलं नव्हतं, ते पाहुण्याच्या स्वस्तातल्या घड्याळानं पटलं. शेठचे कान लाल झाले, आणि ते तिच्यामागं रूपसिंगकडं निघाले.

टपरीत रूपसिंगनं छोटं होकायंत्र घड्याळाजवळ धरलं. सुई उत्तर सोडून घड्याळाकडं वळली.

"जहाजावर हे नेलं असतं तं," तो म्हणाला, "जहाज कुठं गेलं असतं, शेठ?"

शेठनी घड्याळ काढून त्याच्यापुढं ठेवलं. रूपसिंगनं चुंबक उतरवायचं, तारेच्या वेटोळ्याचं आपलं घरगुती यंत्र चालू केलं, घड्याळ त्यातून सावकाश काढलं. अर्धं मिनिट. मजुरी पन्नास रुपये.

"उद्यापासून या, मावशी," शेठ पाकीट चाचपत म्हणाले.

"इथं नगा म्हणू. काढलं तं गेटावर, सगळ्यांम्होरं. बोलवायचं बी तिथंच."

ती म्हणाली आणि एसटी पकडायला निघून गेली. मागं वळून पाहिलं नाही. पण त्या वयात दुसऱ्या गिरणीत काम कोण देणार?

सकाळी गेटात बायका थांबल्या होत्या. शेठ आले, घसा खाकरला. "घड्याळात बिघाड होता. मावशींचा उशीर झाला नव्हता."

"घड्याळ आपल्या मनानं चुंबकात गेलं व्हय, मालक?"

कुणीतरी पदर तोंडाला लावला. शेठनी खाली पाहिलं. "मी घातलं."

"आन् उशिराचं?"

"माझं चुकलं, मावशी."

एवढं एक वाक्य काढायला त्यांना पहिल्या उशिरापासून पाच दिवस लागले. अनुसूयाबाईनं नाकाला फडकं बांधलं आणि निवडायच्या चाळणीशी जाऊन बसली.