चाप पारखणारा मिस्त्री

पिस्तुलाची गोष्ट म्हटली, तर तुम्ही डाकूची वाट पाहून राह्यले असान. डाकू नाही येत. आमच्या दिग्रसचा बंदुका दुरुस्त करणारा अन् इकणारा मिस्त्री येते, अन् तो तर कोंबडी कापतानाही तोंड फिरवे.

पिस्तूल रिकामं करून तो डोये मिटे अन् दहादा चाप दाबे. चाप मऊ चालला, का नाडी पाहणाऱ्या वैद्यावानी मान हलवे. "लोणी हाय, भाऊ, लोणी!" मी रिकामा त्याच्या दुकानात बसून त्याची नक्कल करो, तो खुदकन हसे.

एक दिवस कापसाच्या जिनाचे शेठ आले. लायसन होतं. त्यायले बंडीच्या आतल्या खिशात लपन असं लहानसं पिस्तूल पाह्यजे होतं. मिस्त्रीनं सकाळीच पारखलेलं एक रिकामं पिस्तूल त्यायच्या हाती देल्लं. शेठनं ते थेट संग आलेल्या आपल्या सालदार गड्यावर रोखलं, चाप दाबला अन् हसले. सालदार भिंतीले चिपकला.

मिस्त्रीनं पिस्तूल वापस घेतलं. "नाही शेठजी, चाप खराब हाय. अटकते. हे नका घेऊ."

मले राहवलं नाही. डोये मिटून, मान हलवून म्हटलं, "सकाळी तर लोणी होतं, भाऊ, लोणी!"

शेठ पोट धरून हसले अन् तेच पिस्तूल घेऊन गेले. सालदार त्यायच्यावर छत्री धरून मांगं मांगं गेला.

मिस्त्री कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी ओरडला, "नालायका, मी झूट कायले बोललो, इतकंही समजलं नाही तुले? माह्या आवाजात तूच इकलं ते पिस्तूल. ऊठ! पुन्हा माह्या दुकानाची पायरी चढू नको."