आठ नंबरची चाल

आमच्या काकांना फुटबॉल मैदानाच्या स्टँडमध्ये सगळे भोंगा म्हणतात. ते लिफ्टचे मेकॅनिक. आवाज आपल्याला लिफ्टनेच दिला, असं ते सांगतात. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं आधी घाबरतात, मग दरवाजा ओढायला लागतात आणि खरा धोका तिथे असतो. म्हणून काका हत्यारांची पिशवी खाली ठेवतात, दरवाज्याच्या फटीला तोंड लावतात आणि बोलायला लागतात. कुठे कामाला आहात, घरी कोण कोण असतं, कालची मॅच बघितली का. आतून उत्तर येईपर्यंत बोलत राहायचं, उत्तर आलं की मग पान्याला हात लावायचा, हा त्यांचा नियम. "गप्प माणूस घाबरलेला असतो नाहीतर चिडलेला," ते म्हणतात. "दोन्हीला दरवाज्यापासून लांब ठेवायचं."

हाच आवाज मॅचच्या दिवशी गोलामागच्या स्वस्त स्टँडमध्ये लागतो. तिथला भला मोठा ढोल टायरवाला वाजवतो, पण कधी वाजवायचा ते काकांचा हात ठरवतो. आमच्या स्टँडची एक पद्धत आहे. प्रत्येक जर्सीला एक चाल असते. चाल आकड्याची, शब्द माणसाचे. खेळाडू क्लब सोडून गेला की त्याचे शब्द जातात आणि चाल गप्प बसते. नवा माणूस ती जर्सी घालून मैदानात उतरला, की मगच त्याचे शब्द म्हणायचे. आधी नाही. ही पद्धत काकांनीच घातली आणि तेच तिची राखण करतात. एकदा एका नव्या गोलकीपरचे शब्द कुणीतरी आदल्या मॅचला म्हटले, तर काकांनी त्याला अख्खा हाफ मैदानाकडे पाठ करून उभं केलं होतं.

आठ नंबर काकांच्या जावयाचा होता.

काकांची मुलगी, म्हणजे आमची ताई, क्लबच्या तिकीट खिडकीत बसायची. तिथेच जमलं. लग्न झालं आणि पुढच्याच मॅचला स्टँडने शब्द बदलले:

जावईबापू, या या या,
चेंडू घ्या अन् आम्हाला द्या.

तेव्हापासून तो सगळ्या स्टँडचा जावईबापू झाला. ढोलावर चालीची सुरुवात वाजली, की तो मान न वळवता उजवा हात वर करायचा. बस, तेवढंच. बोलणं कमी, खेळही तसाच. चेंडू घ्यायचा, जवळच्याला द्यायचा, पुन्हा मोकळ्या जागेत जाऊन उभं राहायचं. मधली फळी त्याच्या जिवावर चालते हे तो नसेल त्या दिवशीच कळायचं, आणि तो नसायचा फार क्वचित.

काकांनी स्टँडमध्ये त्याचं कधीही कौतुक केलं नाही. सासरा म्हणून पाठीशी घालतो, असं कुणी म्हणू नये याची त्यांना धास्ती होती. त्यामुळे जावयाचा पास चुकला की सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने काकाच ओरडायचे. लोकांना त्याची गंमत वाटायची. ताई खिडकी बंद करून दुसऱ्या हाफला स्टँडमध्ये यायची. तिला ती गंमत वाटायची नाही.

मग बातमी आली की क्लब एका महागड्या मिडफिल्डरच्या मागे लागला आहे. किंमत अशी की ऐकून माणसं आधी हसली आणि मग दुसऱ्याला सांगायला पळाली.

टायरवाल्याचं दुकान बंद झालं की संध्याकाळी तिथेच आमची बैठक असायची. टायरच्या थप्प्यांवर बसायचं आणि उठताना पँट झटकायची. टायरवाला त्या खेळाडूवर पुरता फिदा होता.

"गेला सीझन आपण मधल्या फळीतच मेलो," तो म्हणाला. "ह्याचा पास बघा. चेंडूला डोळे फुटल्यासारखा जातो."

"चेंडूला डोळे असू देत," गणिताच्या बाई म्हणाल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, स्टँडमधून व्हायला तयार नव्हत्या. "ह्याच्या गुडघ्याचं काय? ऑपरेशनला दोनदा उघडलाय. आणि त्या किमतीत आपल्या डोक्यावर छप्पर येईल."

"छप्पर गोल मारतं का, बाई?"

"छपराचा गुडघा दुखत नाही."

बेकरीवाला मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. सगळ्या अफवा आधी त्याच्याकडे येत. "आज रात्रीपर्यंत ठरतंय म्हणे," तो म्हणाला.

"तुझं काल पण रात्रीपर्यंतच ठरत होतं."

"काल विमानाचं होतं. आज गुडघ्याच्या तपासणीचं आहे."

"आला, समजा," बाई म्हणाल्या, "तर खेळणार कुठे? आठ नंबरवर आपला जावईबापू आहे."

सगळे काकांकडे बघायला लागले. टायरवाला हात पुसत म्हणाला, "भोंग्याला कशाला विचारता? त्याच्या लेकीच्या संसाराचा प्रश्न आहे. तो काय बोलणार बिचारा."

ते 'बिचारा' काकांना झोंबलं.

"माझ्या घरी जर्सी धुतली जाते, टीम निवडली जात नाही," ते म्हणाले. "आणा त्या पाहुण्याला. आडवे पास बघून बघून माझी मान आखडलीय."

जो तो हसला. टायरवाल्याने काकांच्या पाठीत थाप मारली. त्या दिवसापासून नव्या खेळाडूचं नाव पाहुणा पडलं.

बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "भोंगा, मनापासून बोलताय?"

"बाई, तुम्ही छपराचं बघा."

ताई आणि जावई काकांच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचे. जावयाचा करार त्या सीझनच्या शेवटी संपत होता. पाहुण्याचं काय ते ठरू दे, मग तुमचं बोलू, असं क्लबच्या सेक्रेटरीने त्याला सांगितलं होतं. ताईने हे काकांच्या कानावर घातलं तेव्हा मी तिथेच होतो. काका टेबलावर लिफ्टच्या दरवाज्याचं कुलूप खोलून बसले होते.

"बाबा, सेक्रेटरी दुसऱ्या कुणाचं नाही, पण स्टँडचं ऐकतो. तुम्ही नुसती त्याची चाल लावून धरलीत तरी पुरे."

"मी लावली तर लोक म्हणतील..."

"लोक काहीही म्हणू देत. मी म्हणतेय ना."

"बघतो."

"हे 'बघतो' मला माहितेय," ताई म्हणाली. "ज्या लिफ्टचा पार्ट मिळत नाही, तिच्या सोसायटीला तुम्ही असंच सांगता."

काकांनी कुलपाची स्प्रिंग बसवली. ती पुन्हा उडाली.

पुढच्या मॅचला पाहुणा स्वतः आला. खेळायला नाही, बघायला. क्लबच्या लोकांनी त्याला वर काचेच्या खोलीत बसवलं होतं. आमच्या स्टँडमधून त्याचा पांढरा कोट दिसत होता.

टायरवाला ढोलावर काठी टेकवून म्हणाला, "लावा आठ नंबरची चाल. नव्या शब्दांनी. पाहुण्याला कळू दे, इथे त्याची वाट बघतायत. असल्या गोष्टींनीच माणूस सही करतो."

शब्द त्याने घरूनच बांधून आणले होते.

"जर्सी अंगावर आल्याशिवाय शब्द नाहीत," बाई म्हणाल्या. "नियम तुमचाच आहे, भोंगा."

"नियम म्हणे," टायरवाला म्हणाला. "जावई आहे म्हणून नियम. दुसरा कुणी असता तर भोंग्याने कधीच हात केला असता."

आजूबाजूला दहा जण तरी ऐकत होते. काकांनी एकदा काचेच्या खोलीकडे पाहिलं, एकदा मैदानाकडे. मैदानात जावयाच्या पायात चेंडू होता. काकांनी हात वर केला.

ढोल वाजला. तीच ओळखीची सुरुवात. जावईबापूने चेंडू जवळच्याला दिला आणि नेहमीसारखा, मान न वळवता, उजवा हात वर केला. मग शब्द आले:

पाहुणे, पाहुणे, या या या,
आठाची जर्सी घालून घ्या.

आणि त्या सगळ्या घशांच्या वर, स्वच्छ ओळखू येईल असा, काकांचा आवाज होता.

त्याचा हात तसाच वर राहिला. खाली कसा आणायचा हे विसरल्यासारखा. चेंडू परत त्याच्याकडे आला तेव्हाही तो वरच होता. चेंडू त्याच्या बाजूने निघून गेला, समोरच्यांनी उचलला आणि दोन पासांत आमच्या जाळीत घातला. टायरवाला म्हणाला, "बघितलं? म्हणून म्हणतो, नवा माणूस पाहिजे."

ताई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ती बसायला आलीच नाही.

"पाहुण्याने हात हलवला," बेकरीवाला म्हणाला. हलवलाही असेल. हाफटाइमनंतर काचेच्या खोलीत कोट दिसला नाही.

त्या संध्याकाळी जावई काकांच्या दारात आला. हातात चिखलाचे बूट होते. काका उठून उभे राहिले.

"चाल चांगली बसली, बाबा," तो म्हणाला आणि वर गेला.

पाहुण्याने आठवड्याभरात दुसऱ्याच क्लबची जर्सी हातात धरून फोटो काढला. आमच्या स्टँडबद्दल विचारल्यावर, वातावरण फार छान होतं, असं तो म्हणाला. हे वाक्य बेकरीवाल्याने आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा टायरवाल्याने त्याला गप्प बसवलं.

मग सेक्रेटरीने जावयाला बोलावलं. उशीर झाला होता. त्याने दूरच्या एका लहान क्लबला होकार कळवून टाकला होता. ताईने तिकीट खिडकीची नोकरी सोडली. सामान हलवायच्या दिवशी काकांनी रजा टाकली आणि इमारतीची लिफ्ट दिवसभर स्वतः चालवली. कपाट, गादी, भांड्यांचे खोके, सगळं जपून खाली आणलं. दोन खेपांच्या मध्ये दरवाजा धरून ते ताईची वाट बघत उभे राहायचे. ताई प्रत्येक वेळी जिन्याने उतरली.

नंतरचा सीझन कसा गेला ते आमच्या गावात कुणालाही विचारा. आठ नंबरवर तीन जण येऊन गेले. एकालाही शब्द मिळाले नाहीत, कारण काकांनी बांधले नाहीत आणि दुसऱ्यांनी बांधलेले कुणाच्या तोंडी बसले नाहीत. टायरच्या थप्प्यांवर मात्र बैठक चालूच होती.

"जावईबापू असता तर मधली फळी अशी उघडी पडली नसती," टायरवाला एकदा म्हणाला. "मी तेव्हाच म्हणत होतो."

बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तेव्हा तुम्ही ढोल वाजवत होता."

"हात कुणाचा होता?" टायरवाला म्हणाला.

काकांनी उठून पँट झटकली. हल्ली ते ताईला फोन करतात. ती उचलते, बरं आहे म्हणते, तो प्रॅक्टिसला गेलाय म्हणते. तो कायम प्रॅक्टिसलाच गेलेला असतो.

मग कप स्पर्धेच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि जावयाचा क्लब आमच्या मैदानावर आला. त्याच्या पाठीवर आता दुसरा नंबर होता. ताई पाहुण्या टीमच्या कोपऱ्यात बसली होती, हे काकांनी आल्याआल्या बघून ठेवलं होतं. पहिला हाफ त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. भोंगा आजारी आहे का, असं मागचे विचारत होते.

दुसऱ्या हाफला जावयाच्या टीमला कॉर्नर मिळाला, नेमका आमच्या स्टँडच्या बाजूला. घ्यायला जावई आला. आमच्यापासून इतका जवळ की त्याच्या कानामागचा घाम दिसत होता. काकांनी हात वर केला.

टायरवाला वळून बघत राहिला. "काय करतोयस? दुसऱ्या टीमचा आहे तो. डोकं ठिकाणावर आहे ना?"

काकांनी त्याच्या हातातली काठी घेतली आणि स्वतः ढोल वाजवला. तीच सुरुवात. मग एकट्याच्या आवाजात, जुन्या शब्दांनी म्हणायला लागले, जावईबापू, या या या. बाईंनी पहिल्या ओळीला साथ दिली, पण त्यांचा दम पुरला नाही. मागून शिट्ट्या आल्या. कुणीतरी म्हणालं, "घरी म्हण की."

जावई चेंडू कोपऱ्यात नीट बसवत होता. तो सरळ झाला आणि त्याचा उजवा हात वर गेला.

"बघ," बेकरीवाल्याने काकांचा दंड धरला. "हात केला तुला."

"कॉर्नरची खूण आहे ती," काका म्हणाले. "दोन बोटं वर. चेंडू जवळच्या खांबाला टाकणार."

चेंडू जवळच्या खांबालाच आला. आमच्या गोलकीपरने तो बाहेर ढकलला, खेळ दुसऱ्या टोकाला गेला आणि जावई मान न वळवता त्यामागे पळत निघून गेला. टायरवाल्याने काठी परत मागितली. काकांनी ती दिली आणि ढोलाशिवायच पुढची ओळ म्हणायला घेतली.