कुंभिवलीच्या काट्यावरची वही

मुश्ताकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं? घरच्यांशी बोललात का?" अशा वेळी कुणी असं विचारतं का... पण हे त्यांचंच शिकवणं. समोरचा सांगतो म्हणून काही खरं मानायचं नाही.

नववीत शाळा सोडून मी नांदेडकडून कर्जतला आलो, तेव्हा तांदळाच्या कंपनीत त्यांनीच मला चिकटवलं. कंपनीच्या कॉम्प्युटरची सगळी जोडणी ते बघायचे. भिवपुरीची गिरणी आणि कुंभिवलीचं हायवेवरचं गोदाम तेव्हा एकमेकांशी थेट बोलत नसत. फ्रेम रिले नावाच्या जुन्या लाइनवरून सगळं आधी कर्जतला यायचं, मग पुढे जायचं. त्या मधल्या खोलीत मी बसायचो. बंद पडलं की चालू करायचं, एवढंच काम. पण गावाकडची चूल त्यावर पेटायची.

मग एमपीएलएसची नवी लाइन घ्यायचं ठरलं. "आता तिन्ही ठिकाणं आपसात थेट बोलतील. कर्जतवरनं जायची गरजच नाय," मुश्ताकभाई खुशीत म्हणाले. माझ्या मनात आलं, मग माझी तरी गरज कुणाला? त्यात ते मला रोज बसवून यादी लिहायला लावू लागले. कुठलं मशीन कुठल्या लाइनवर, कुठे काय हातानं जोडलंय... मला वाटलं, माझ्याकडचं सगळं काढून घेतील आणि गावच्या गाडीत बसवतील. म्हणून मी एक गोष्ट लिहिलीच नाही. कुंभिवलीच्या वजनकाट्याची पावती माझ्या खोलीतल्या एका मशीनमधून जायची. तो रस्ता मीच घालून दिला होता.

बदलाच्या सकाळी ते कुंभिवलीत, मी कर्जतला. फोनवर त्यांनी विचारलं, "यादीत काय राहिलं नाय ना रं?"

"नाही."

"बघ बरं. माझा माझ्या सावलीवर पन भरोसा नाय."

"नाही म्हटलं ना, भाई!"

"बरं. काढतो जुनी तार."

सगळं चालू झालं, काटा सोडून. वजन दिसायचं, पण पावती निघेना, आणि पावतीशिवाय गाडीला गेट उघडेना. फोनमध्ये ड्रायव्हरांच्या शिव्या ऐकू येत होत्या. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगून टाकलं. त्यांनी जुनी तार परत लावली. मालकांना म्हणाले, "माझ्या यादीतनं राहिलं." आणि मला एवढंच, "तिन्ही ठिकाणं तुलाच सांभाळायची हायेत, म्हनून लिवायला लावत होतो. मी किती दिवस पुरनार रं?"

तिन्ही ठिकाणं आजही मीच सांभाळतो.

त्यांचा चाळिसावा झाल्यावर कुंभिवलीला गेलो. काट्यावरच्या मामांजवळ त्या सकाळचा विषय निघाला. मामा हसले. "गाड्या कुठं फार थांबल्या? भाई आदल्या सांजेलाच वही देऊन गेलते. म्हनले, उद्या पावती बंद पडंल, हातानं लिव आन् गेट उघड."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तरीही फोनवर त्यांनी मला विचारलं होतं, मी स्वतःहून सांगावं म्हणून. आणि मी त्यांच्यावरच ओरडलो होतो.

मामांनी कपाटातून वही काढली. गाडी नंबर, वजन, सही... पट्टीनं आखलेले रकाने, भाईंचं बारीक अक्षर. निम्मी पानं अजून कोरी होती. "मामा, ही मला द्या ना," मी म्हणालो.

त्यांनी वही माझ्या हातातून काढून परत आत ठेवली. "नाय देनार. लाइन गेली तर?"