जमीन तेवढीच, पाणी तेवढंच

अरे, दारात काय उभे राहता, जवळ या. आणि आधी तो नळ नीट बंद करा बरं. कधीची टिपटिप चाललीय! आमचे सर असते ना, तर कमरेवर हात ठेवून म्हणाले असते, "जमीन तेवढीच, पाणी तेवढंच. वाढतं कोण? आपण!"

तुम्हीही असे एखादे सर पाहिले असतील, म्हणून सांगते. इंदुरात कृष्णपुऱ्याकडच्या मराठी शाळेत मी पाणी भरायचे. मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा झालेला. मला अक्षर येत नव्हतं; माठाजवळ बसून सरांचं ऐकत ऐकतच आलं. सर भूगोल शिकवायचे. माणसं वाढली की जंगल कसं तुटतं, नदी कशी गढूळ होते, हे सांगताना इतके रंगायचे की खडूचा हात मिशांवरून फिरायचा, आणि तास संपेतो मिशा पांढऱ्या!

एकदा पोरींना घरचा अभ्यास दिला. घरात माणसं किती आणि रोज पाण्याच्या घागरी किती, मोजून आणा. झालं! दुसऱ्या दिवशी वह्यांत घागरी होत्या, माणसं नव्हती. आणि फाटकाशी पाच-सहा आया.

"अहो मास्तर, लेकरं कुणी मोजतं का? नजर लागते!"

"घागरी मोजा हव्या तेवढ्या!"

"ताई, नजर नाही हो लागत," सर म्हणाले, "पाणी मात्र लागतं."

त्या आणखीच भडकल्या. हेडमास्तरांनी सरांना सुनावलं, "इन्स्पेक्टर येतायत. त्यांच्यापुढे पाठ नीट झाला तर ठीक, नाहीतर बदली सांवेरला." सरांची बायको दम्याची, तिचा डॉक्टर इंदुरात. घरात लेकरांचं लटांबर. सांवेर म्हणजे घराचे दोन तुकडे. सरांनी दोन दिवस डबाच उघडला नाही.

पाठाच्या दिवशी त्यांनी वर्गात एक सतरंजी अंथरली आणि माझा माठ उचलून नेला. सतरंजी म्हणजे आपलं गाव. आधी दोन पोरी बसल्या, अगदी ऐसपैस, पेलाभर पाणी प्यायल्या. मग चार, मग आठ, मग सोळा, सगळ्यांना पाणी त्याच माठातलं. एकीची वेणी दुसरीच्या मांडीखाली, तिसरीचा पाय चौथीच्या परकरावर.

"आता झाडं कुठं लावाल?" सर गरजले.

"जागाच नाही, सर!" सगळ्या ओरडल्या.

इन्स्पेक्टर खूश दिसले. तेवढ्यात एक आगाऊ पोरगी म्हणाली, "सर, तुमच्या घरी लेकरं किती?"

 सर नावं घेत बोटं मोजू लागले. "सहा."

सतरंजीच्या कडेवरून बारीक आवाज आला, "अप्पा, मी राहिले."

त्यांची धाकटी! त्याच वर्गात होती, अर्धी गावाबाहेर लटकलेली.

हेडमास्तरांनी डोळेच मिटले. सरांचे कान लाल झाले. मग वळून फळ्यावर ठसठशीत सात लिहिले. "बघा पोरींनो. इतके झाले की बापसुद्धा चुकतो."

इन्स्पेक्टर हसता हसता ठसकले, पाणी मागू लागले. माठ तर कोरडा! मी दारातून बोलूनच गेले, "पाणी तेवढंच, साहेब."

साहेब डोळे पुसत म्हणाले, "मास्टरजी, हमारे तो नौ हैं. पाठ समझ में आ गया."

सांवेर टळलं. पण त्या दिवसापासून शाळा सुटली की सर फाटकात उभे राहून आपली सातही पोरं मोजायचे. पहिला हात धाकटीच्या डोक्यावर. "एक!" मोजल्यानं नजर लागेल ही भीती तिला नव्हतीच, फार मिरवायची ती.

सर गेले तेव्हा तेराव्याला मी गेले होते. त्यांची बायको आधीच गेलेली. भावंडांची पानं धाकटीनं मांडली. सात भावंडं, पानं आठ. कुणीही तिला चूक दाखवली नाही. आठव्या पानाशी तिनं पाण्याचा पेला ठेवला, तो अर्धाच भरलेला. उगाच वाया गेलं असतं तर अप्पा रागावले असते ना.

निघालात? बरं, पण लवकर या हं परत. किती जण येणार ते मात्र मोजून सांगू नका. मी माठ भरून ठेवते.