कपाळापासून हनुवटीपर्यंत

काकांचा फेटा मी कापला, आणि तोही असा की कुणाला तसं म्हणता येऊ नये.

भावकीची वंशावळ इंटरनेटवर टाकायची हे काकांच्या मुलाच्या डोक्यातून निघालं. तो हिंजवडीला कंपनीत असतो. माझं पौडला झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान, म्हणून फोटो माझ्याकडे आले. कुणी भिंतीवरच्या तसबिरीचाच फोटो पाठवला, काचेत ट्यूबलाइटसकट. कुणाचा बैलाबरोबरचा, त्यात बैलच नीट आलेला.

"दादा, सगळे एकसारखे कर," चुलतभाऊ म्हणाला. "एक डोकं मोठं, एक बारीक असं नको. नियम तूच ठरव."

मी ठरवला. चौकोनी चौकट, सगळ्यांचे डोळे एका रेषेवर, चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत. टोपी नाही, फेटा नाही, पदर नाही. मोबाईलच्या लहान पडद्यावर चेहराच दिसला पाहिजे, असं कारण दिलं. ते खरंही होतं. पण नियम केला होता एकाच माणसासाठी.

काकांचा फोटो माझ्या बहिणीच्या लग्नातला. वडील आधीच गेले होते, त्यामुळे कन्यादान काका-काकूंनी केलं. फोटोग्राफर सगळ्यांना ओळीत उभं करत होता. आई बहिणीशेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा गुलाबी फेट्यातले काका सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, तुमी जरा मागं व्हा. शुभकार्याचा फोटो हाय." आई मागे दारात जाऊन उभी राहिली.

काकांनी पुढे तोच फोटो मोठा करून ओसरीवर लावला. निवडणुकीला उभे राहिले तेव्हा पत्रकावरही तोच फेटा. मी त्याला नियम लावला. फेटा गेला, तुरा गेला. उरला एक रुंद, घामेजलेला चेहरा, कुणाचाही असू शकेल असा. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

मग आईची पाळी आली. तिचा चेहरा दिसेल असा फोटो लग्नातला तोच एक. त्या लग्नानंतर मरेपर्यंत कॅमेरा दिसला की ती आत जायची. दारातली आई नखाएवढी होती. चेहरा चौकटभर मोठा केला की नाक, डोळे विरघळून नुसते तपकिरी ठिपके उरायचे. चौकट मागे नेली की डोक्यावरचा पदर यायचा, त्याचा काठ हनुवटीशी धरलेला हात यायचा, आणि ती लगेच आई व्हायची.

पण तिला पदर ठेवला तर काकांना फेटा द्यावा लागणार. मी बराच वेळ विचार केला आणि ठिपके तसेच ठेवले.

जत्रेला सगळी भावकी कोळवणला काकांच्या घरी जमली. जेवणं झाल्यावर चुलतभावाने टीव्हीवर वंशावळ लावली. काका खुर्ची ओढून अगदी पुढे बसले.

"आरं, माजा फेटा कुटं गेला?"

"सगळ्यांना एकच नियम आहे, काका."

"सगळ्यांची जावळं काढलीत की रं," आत्या म्हणाली. सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांचा हात डोक्याकडे गेला. तो मी पाहिला आणि पुन्हा बरं वाटलं.

चित्र पुढे सरकलं.

"ही कोण?" काकांनी विचारलं.

"आई," मी म्हणालो.

"कुणाची?"

"माझी."

काका पुढे झुकले, चष्मा वर केला. "न्हाई. ही वहिनी न्हाई. वहिनीला पदराबिगर मी कदी बघितली न्हाई. काय केलंस हे, लेका?"

इतकी वर्षं तयार ठेवलेलं उत्तर ओठांवर होतं. तिला मागे तुम्हीच पाठवलंत. पण ठिपके मी केले होते. मी पाणी प्यायला आत गेलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या आईची चौकट मागे नेली. पदर आला, दार आलं, आणि खालच्या कोपऱ्यात काकांच्या फेट्याचा शेमलाही आला. तो मी पुसून टाकला.

संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला. "तुझ्या आईचा फोटो छान केलास, दादा. मग आमच्या म्हाताऱ्याचा फेटा पण देऊन टाक ना."

"बघतो," म्हणालो.

अजून दिलेला नाही. मूळ फोटो कॉम्प्युटरवर आहे, काम क्षणभराचं आहे. काकांची तब्येत हल्ली बरी नसते, हेही मला ठाऊक आहे. पण फेटा त्यांनी स्वतः मागायला हवा, माझ्याकडे, म्हणजे लग्नातलं त्यांचं वाक्य मला त्यांना ऐकवता येईल. ते काही मागत नाहीत. परवा भेटायला गेलो तर म्हणाले, "वहिनी आता बराबर दिसतीया," आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.