पाचव्या खांबाचा संदर्भ

वरच्या मजल्यावरचे मीटरवाले गेले, तेव्हा त्यांची सून मला म्हणाली, "काका, तुम्हीच दोन ओळी लिहा. तुमची त्यांच्याशी ओळख होती." खरं सांगायचं तर आमची ओळख जिन्यातली. चौदा वर्षं आम्ही एकमेकांना पाणी आलं का विचारत होतो, आणि ते बहुतेक वेळा आलेलं असे. मला लिहायची सवय नाही. पुढचं निम्मं सुनेनं सांगितलेलं आहे आणि निम्मं त्यांनी. चुकलं तर चूक माझी.

मीटरवाले वीजखात्यात चौतीस वर्षं घरोघरी मीटर वाचत फिरले. निवृत्त झाल्यावर त्यांना वाचायला काही उरलं नाही. शेवटी सुनेनं जुना कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत लावला आणि इंटरनेटवरचा एक ज्ञानकोश उघडून दिला.

"बाबा, हा लोकांनीच लिहिलाय. कुणीही लिहायचं, कुणीही दुरुस्त करायचं."

"आणि मालक कोण?"

"कुणीच नाही."

"मग चालतो कसा?" म्हणून त्यांनी चष्मा लावला.

तिसऱ्या दिवशी त्यांना नदीवरच्या पुलाचा लेख सापडला. लांबी, रुंदी, खांब नऊ, सगळं ठीक. शेवटी लिहिलं होतं, "या बांधकामात एकही जीवितहानी झाली नाही." मीटरवाल्यांचा थोरला भाऊ त्याच पुलाच्या पाचव्या खांबाशी बुडाला होता. हे तेव्हा तेरा वर्षांचे, त्याचा डबा घेऊन काठावर उभे होते.

त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. सुनेला हाक मारली नाही. त्याच्याखाली टाइप केलं: "वरील मजकूर चुकीचा आहे. माझा भाऊ या कामात वारला. योग्य ती दुरुस्ती व्हावी. कळावे." खाली पूर्ण नाव, पत्ता आणि पेन्शनचा क्रमांक.

अकरा मिनिटांत सगळं गायब.

काढणाऱ्याचं टोपणनाव होतं पाणकावळा. त्यानं निरोप ठेवला होता की, आपलं स्वागत आहे, लेखात सही करत नाहीत, घरचा पत्ता देऊ नये आणि प्रत्येक विधानाला छापील संदर्भ लागतो.

"हा पाणकावळा कोण लागून गेला?" मीटरवाले तडकले. "तो होता का काठावर?"

"नव्हता म्हणूनच तर संदर्भ मागतोय, बाबा."

हे त्यांना पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. त्यांनी वाक्य पुन्हा घातलं आणि संदर्भाच्या जागी लिहिलं, "मी स्वतः पाहिले." तेही गेलं. मग त्यांनी वर्तमानपत्राला पत्र पाठवलं. ते रविवारी छापून आलं. सोमवारी त्याची तारीख संदर्भ म्हणून देऊन ते मोकळे झाले आणि जिन्यात मला म्हणाले, "आता छापील आहे. आता बोलू दे त्या पाखराला."

पाखरू बोललं. स्वतः लिहिलेलं पत्र स्वतःच्याच विधानाला आधार म्हणून चालत नाही.

त्या दिवशी जेवताना त्यांनी भाकरी अर्ध्यावर ठेवली. मग सुनेला म्हणाले, "घराला कुलूप असलं की शेजारी सांगायचे, टाका की दीडशे युनिट, दर महिन्याला तेवढंच येतं. मी कधी टाकलं नाही. 'दार बंद' असं लिहायचो. आकडा डोळ्यांनी दिसला तरच आकडा."

"मग?"

"मग काय. त्याच्या बाजूनं दार बंद आहे. बरोबर वागतोय तो."

दुसऱ्या दिवसापासून ते डबा घेऊन वाचनालयात जायला लागले. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत उद्घाटनाचे फोटो होते, लांबलचक भाषणं होती, हरवलेल्या छत्रीची जाहिरातसुद्धा होती. भाऊ नव्हता. ग्रंथपाल बाईंचं त्यांनी इतकं डोकं खाल्लं की बाईंनी शेवटी तळघराची किल्लीच त्यांच्या हातात दिली. तिसऱ्या महिन्यात तिथे बांधकाम खात्याचा अहवाल निघाला. पान एक्केचाळीस: "पाचव्या खांबाच्या कामी एक मजूर बुडून मयत. काम दोन दिवस बंद."

मीटरवाल्यांनी जुनं वाक्य काढलं, हे घातलं, पान क्रमांक दिला. सही केली नाही. अकरा मिनिटं गेली, तास गेला, आठवडा गेला. वाक्य जागेवर. पाणकावळ्यानं आभार मानले. सुनेला वाटलं, आता बाबांना रडू येणार. बाबा म्हणाले, "काम तीन दिवस बंद होतं. पण अहवालात दोन आहे, तर दोन."

पुढे ते स्वतःच इतरांचे लेख तपासायला लागले. नवख्यांच्या सह्या काढायचे आणि खाली "आपलं स्वागत आहे" लिहायचे.

आता माझी गोष्ट. एकदा गुडघा दुखतो म्हणून ते माझ्या दारासमोरच्या पायरीवर टेकले आणि भावाबद्दल बोलले. बावीस वर्षांचा होता. शिट्टी अशी वाजवायचा की पलीकडच्या काठावरची माणसं वळून बघायची. ते ऐकल्यापासून मला 'एक मजूर' फार कोरडं वाटायला लागलं. मी मोबाइलवर तो लेख उघडला आणि नाव न देता त्यांच्या वाक्यापुढे लिहिलं, "तो बावीस वर्षांचा होता व शिट्टी फार छान वाजवत असे." एवढ्याला मला पाऊण तास लागला.

नऊ मिनिटांत ते गेलं. काढणारे मीटरवाले होते. कारण दिलं होतं, "संदर्भ नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्यात भेटले. त्यानंतर भेट झाली नाही. चार दिवसांनी ते झोपेतच गेले.

"काल पुलाच्या लेखात कुणीतरी शिट्टीचं घातलं होतं," त्या सकाळी ते म्हणाले.

"हो का?" मी भिंतीकडे बघितलं.

"नवखा असणार." कठडा धरून ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "माहिती बरोबर होती."

"मग राहू द्यायची."

"तसं कसं? नियम आहे." मग मागे वळून म्हणाले, "पण तिथे इतिहास म्हणून एक पान असतं. काढलेलं सगळं त्यात राहतं. सकाळी उघडून बघितलं. आहे."

मी विचारलं, "पाणी आलं का?"

"आलंय," ते म्हणाले, "पण धार बारीक आहे."