जॉर्ज लेन यांचं पहिलं आडनाव

शेजारचे जॉर्ज गेले हे मला माझ्या बायकोच्या, रेखाच्या, फोनवर आलेल्या मेसेजवरून कळलं. त्यांच्या मुलीने तो तिला पाठवला, मला नाही. बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरात आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांच्याशी पहिली ओळख माझी झाली. त्यांच्याबरोबर टीव्हीपुढे बसून क्रिकेटच्या अख्ख्या कसोट्या पाहिल्या त्या मी... दुःख झालंच, पण त्याआधी पोटात दुखलं. खोटं कशाला बोला?

जॉर्ज मूळचे लंडनचे, डच बायकोसाठी इथे आलेले, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. माझ्याशी बोलायचे ते फक्त क्रिकेट. मी त्यांना पक्का इंग्रज समजत होतो. मग लॉकडाऊन लागला, जाणंयेणं थांबलं आणि रेखा बाल्कनीच्या कठड्यावरून शेजारी खिचडीचा डबा द्यायला लागली. डब्यामागून गप्पा आल्या. ते ज्यू आहेत, हेसुद्धा मला तिच्याकडून कळावं!

त्यानंतर रोज जेवताना ती मला जॉर्जच वाढायची. वडिलांनी नोकरीसाठी आडनाव बदललं. टेनिस क्लबात ज्यूंनी विचारलं की जागा नेमकी भरलेली. निर्वासित ज्यूंना हिणवणारी वर्तमानपत्रं, पार्लमेंटात हसत हसत मारलेले टोमणे. "ते म्हणतात, इंग्लंडमध्ये कुणी ओरडत नाही रे. चहा विचारतात आणि दार लावून घेतात." हे मला का नाही सांगितलं? मी काय परका होतो?

तिने त्यांना पुण्यातला किस्सा सांगितला होता. तिचं माहेरचं आडनाव ऐकल्याबरोबर मालकीणबाई म्हणाल्या, खोली कालच गेली. आम्ही बौद्ध. माझं आडनाव गावावरून पडलेलं, ऐकून काही कळत नाही. कुणी विचारलंच, तर मी गावाचं हवापाणी सांगतो.

अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, म्हणून आम्ही लॅपटॉपपुढे बसलो. त्यांची मुलगी बोलत होती. "आजोबांचं खरं आडनाव बाबांनी कधी घराबाहेर काढलं नाही. आज मी ते मोठ्याने घेणार आहे..." तिने हातातला कागद उलटला. तेवढ्यात शेजारून रेखा हलकेच म्हणाली, "लेविन्स्की." मागोमाग लॅपटॉपमधून तेच आलं.

मी रेखाकडे वळलो. "तुला कधी सांगितलं त्यांनी?"

"मी माझं सांगितलं तेव्हा," ती म्हणाली.